घाटकोपर तेरावं पडतंय! पुठ्ठ्यावरच्या लोकलसाठी मदत हवी

पाटीपेन्सिल
२४ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

घाटकोपरला एका मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४२ मुलं. धाराविद्युतचा धडा दरवर्षी तसाच जातो. सेल, बल्ब, कळ, फळ्यावर आकृती आणि खाली निरीक्षण, "बल्ब लागतो". बल्ब लागतो हे त्यांना बालवाडीपासून माहीत आहे. यंदा दोन शनिवार मोकळे मिळालेत आणि डोक्यात एक खूळ शिरलंय. पुठ्ठ्यावर मध्य रेल्वेचा नकाशा काढायचा, पण वीज वाहून नेणाऱ्या रंगाने. स्टेशनच्या ठिपक्याला बोट लावलं की मुलांच्याच आवाजात घोषणा व्हायला हवी, "पुढील स्टेशन, करी रोड."

लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलंय. एमपीआर१२१ चिपचा टच सेन्सर बोर्ड, प्रोग्राम चालवायला आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड, आवाज वाजवायला डीएफप्लेअर मिनी, मेमरी कार्ड, छोटा स्पीकर. प्रोग्राम भाच्याने बसवून दिला. टेबलावर नुसत्या वायरींना बोट लावलं तर सगळं वाजतंय.

आता अडचणी. पहिली रंगाची. लंडनच्या बेअर कंडक्टिव्ह कंपनीचा इलेक्ट्रिक पेंट या कामासाठीच आहे, पण तिकडून डबी मागवायची तर शिपिंग आणि कस्टममध्येच माझं बजेट संपेल. घरी करता येतो का? काळा पोस्टर कलर लावून पाहिला, मीटरचा काटा ढिम्म. तोही कार्बनच ना?

दुसरी ऐकून हसू नका. या चिपला स्पर्श ओळखणारे पाय बारा. सीएसएमटीपासून मोजत गेले. सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार. झाली बारा. घाटकोपर तेरावं! घाटकोपरच्या शाळेतली गाडी विद्याविहारलाच रिकामी होणार, हे वर्गात कुठल्या तोंडाने सांगू?

लोहारचाळ
२४ जून, रात्री ११.२५

ताई, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये ३१ वर्षं काढली, आता नातवंडांचे रिमोट दुरुस्त करतो. त्यामुळे उत्तर लांबेल.

पोस्टर कलरमध्ये कार्बन असतो, पण थोडा, आणि त्याचा कण न् कण डिंकात गुंडाळलेला. वीज जायची तर कणाला कण चिकटायला हवा. हार्डवेअरवाल्याकडे कुलपात घालायची ग्रॅफाइट पावडर मिळते ती आणा. एक चमचा फेविकॉल, दीड ते दोन चमचे पावडर, थेंब थेंब पाणी, डोशाच्या पिठाइतकं सैल. फेविकॉल वाढवला की रंग पक्का बसतो पण रोध वाढतो. पावडर वाढवली की रोध उतरतो पण वाळल्यावर पोपडे निघतात. आधी चार वाट्यांत चार प्रमाणं करून बघा. मिश्रण गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून. आमच्या घरी पंखा चालू राहिला होता, पांढरी मांजर आठवडाभर करडी होती.

या रंगाने एलईडी पेटवायला जाऊ नका, वीतभर रेषेतच प्रवाह मरतो. टच सेन्सरला मात्र प्रवाह नावालाच लागतो, पाच-दहा किलोओहम रोध त्याच्या खिजगणतीत नाही. म्हणून तर घरगुती रंग चालतो.

घाटकोपरचं म्हणाल तर दुसरा बोर्ड घ्या. बोर्डावर एडीडीआर लिहिलेली पिन असते. ती ग्राउंडला असली की चिपचा पत्ता, म्हणजे तिला हाक मारायचा क्रमांक, फाइव्ह-ए, ३.३ व्होल्टला जोडली की फाइव्ह-बी. अशा चार चिपा त्याच दोन तारांवर नांदतात. ४८ स्पर्श होतात, कसाऱ्यापर्यंत जा. फक्त एक लक्षात ठेवा, ही चिप ३.३ व्होल्टची आहे. नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला जोडाल तर उदबत्ती लावावी लागेल.

शंकासुर
२५ जून, सकाळी ८.१०

काका, ताई, सगळं छान. पण हा खटाटोप कशाला? पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये स्पंज, झालं बटण. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटी आणि सायकलच्या ट्यूबमध्ये अख्खं विज्ञान बसवून दाखवलं. तुमच्या चिपेत काय चाललंय ते पोरांना दिसणार आहे का? बोट लावलं, आवाज आला, टाळ्या. मोबाइलवरही तेच करतात.

मीठभाकर
२५ जून, सकाळी ९.०२

शंकासुर, तुमच्याशी निम्मी सहमत. मागच्या वर्षी माझ्या मुलाच्या शाळेत (मुलुंड, नाव घेत नाही) बाहेरच्या कुणीतरी "रोबोटिक्स कार्यशाळा" घेतली. १५०० रुपये भरले. किट पेटीतून निघालं, सर पुढे उभं राहून जोडत होते, चार मुलांनी एकेकदा बटण दाबलं, किट परत पेटीत. सर्टिफिकेट मात्र रंगीत मिळालं. मुलाला विचारलं काय शिकलास, तर म्हणाला, "रांगेत उभं राहायला."

ताई, तुमच्याकडे ४२ मुलं आणि बोर्ड एक. बाकीची ४१ काय करणार, तेवढं सांगा.

पाटीपेन्सिल
२५ जून, दुपारी ३.१५

मीठभाकर, हाच प्रश्न मलाही छळत होता. रंग सात गटांनी स्वतः करायचा, सात वेगळ्या प्रमाणांत. प्रत्येक गटाची १० सेंटिमीटरची पट्टी, तिचा रोध मोजायचा, ज्यांची पट्टी जिंकेल त्यांच्या रंगाने नकाशा. स्टेशनं वाटून दिलीत, आवाज त्यांचेच. साधे मल्टिमीटर चार जमवलेत. बोर्डला हात लागायच्या आधी दीड तास रंग आणि मीटर. चिप हे शेवटचं वीस टक्के काम.

शंकासुर, पत्र्याचं बटणही करू. पण दिसण्याचा मुद्दा बरोबर आहे. बोट लागलं हे चिपला कळतं कसं, ते मलाच नीट सांगता येत नाही. "शरीराची धारकता" असं म्हटलं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि संपतं.

अर्धा_ओहम
२५ जून, रात्री ९.४८

मॅडम, चाळीतला नळ आठवा. नळ ठरावीक धारेने ठरावीक वेळ सोडायचा आणि कळशीत पाणी किती चढलं ते बघायचं. रोज तेवढंच चढतं. आता कुणी कळशीच्या बुडाला नळी लावून शेजारी बादली जोडली, तर पाणी तेवढंच पण पातळी कमी चढेल, कारण ते दोन भांड्यांत वाटलं गेलं. बादली म्हणजे आपलं बोट. चिप अगदी असंच करते. ठरावीक विद्युतधारा ठरावीक वेळ सोडते आणि व्होल्टेज किती चढलं ते मोजते. नेहमीपेक्षा कमी चढलं की बोट आलं.

यातून पुढची गंमत निघते. चिप "नेहमीची पातळी" सतत शिकत असते. चालू करताना कुणी पुठ्ठ्यावर हात ठेवून उभा असेल तर ती हातासकटचीच पातळी खरी मानेल. म्हणून चालू करताना सगळ्यांचे हात मागे. वायर हलवली, पुठ्ठा उचलला, तर रिसेट दाबा.

आणि हे आकडे मुलांना दाखवा! आर्डुइनोच्या सीरियल प्लॉटरवर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर, पातळीची रेघ उमटते. बोट जवळ नेलं की रेघ कलायला लागते, टेकलं की धाडकन खाली. शंकासुरांना हवं ते "दिसणं" हेच.

शंकासुर
२५ जून, रात्री १०.०५

रेघ दाखवणार असाल तर माझा विरोध मागे. बादली आवडली.

लोहारचाळ
२६ जून, सकाळी ७.३०

अर्धा_ओहम यांना +१. पुरवणी जोडतो. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर लावून चालवू नका, अर्थिंग नसतं, मग घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण चिपेत शिरते आणि कुणी हात न लावता गाडी धावायला लागते. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. पॉवर बँक लावाल तर ती दर अर्ध्या मिनिटाने झोपेल, कारण तुमचं सर्किट इतकी कमी वीज खातं की तिला वाटतं कुणी जोडलेलंच नाही. तिच्या दुसऱ्या पोर्टात यूएसबीचा दिवा लावून ठेवा, जागी राहते. बॅटरीवर स्पर्श मंद वाटला तर पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला जाड काळी पट्टी काढून ग्राउंडला जोडा, डावा तळवा तिथे टेकवून उजव्या हाताचं बोट लावायला सांगा.

सहाठिपके
२८ जून, दुपारी १.२०

धागा वाचून राहवलं नाही. मी मुंबईतच दृष्टिहीन मुलांना शिकवते. आमच्याकडे असाच प्रयोग तयार टच बोर्डवर करून पाहिला होता (तेच बेअर कंडक्टिव्हचं, त्यावरही बाराच इलेक्ट्रोड आणि मेमरी कार्डावरून आवाज). रंग जाड लावला की वाळल्यावर रेषा बोटाला जाणवते, त्यामुळे नकाशा हाताने वाचता येतो. कल्पना उत्तम, पण पहिल्याच मिनिटाला फजिती.

डोळस मूल आधी बघतं आणि मग बोट लावतं. आमचं मूल बोटांनीच बघतं, दोन्ही हात पसरून. त्याने नकाशा समजून घ्यायला हात फिरवला आणि भायखळा, दादर, कुर्ला, परळ एकदम कोकलायला लागले. एक मुलगी हात मागे घेऊन म्हणाली, "बाई, याला स्पर्श आवडत नाही."

उपाय साधा निघाला. बोट एकाच ठिकाणी पूर्ण एक सेकंद राहिलं तरच बोलायचं. फिरता हात म्हणजे वाचन, थांबलेलं बोट म्हणजे प्रश्न. प्रोग्राममध्ये दोन-चार ओळींचा बदल आहे, भाच्याला सांगा. तुमच्या वर्गात गरज नसेल कदाचित, पण सांगून ठेवते. शेजारी ब्रेलच्या पट्ट्या चिकटवल्यात तर तो पुठ्ठा नंतर आमच्याकडे पाठवा.

पाटीपेन्सिल
७ जुलै, रात्री ९.३०

पहिला शनिवार पार पडला. सविस्तर लिहिते.

रंग करताना वर्गाची खाण झाली, मुख्याध्यापक दारातूनच परत गेले. सात पट्ट्या रंगवल्या आणि मुलांनी लगेच मीटर लावले. सगळ्यांचे आकडे भयंकर. ओल्या पट्टीला ९० किलोओहम, कुणाला १२०. "बाई, फसलं." मी म्हटलं पंख्याखाली ठेवा, दहा-दहा मिनिटांनी मोजा. बाहेर पाऊस कोसळत होता, हवेत इतका दमटपणा की रंग वाळायचं नाव घेईना. पण आकडा उतरत होता. ९०, ७४, ६१. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर माझ्याशी दहा वाक्यं बोलली नसेल, तिने न सांगता आलेखाचा कागद काढला आणि बिंदू मांडायला लागली. पाणी उडतं तसे ग्रॅफाइटचे कण जवळ येतात, हे तिनेच शेजारणीला सांगितलं. सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी सगळी पोरं मीटरभोवती. जिंकलेली पट्टी ६.८ किलोओहम. एका गटाने पावडर इतकी घातली होती की रोध सर्वांत कमी, ४ च्या खाली, पण पट्टी वाकवली की खपली पडायची. त्यावर भांडण झालं, मतदान झालं, ६.८ वाले जिंकले.

नकाशाची पार्श्वभूमी वारलीसारखी हवी असं ठरलं. गेरूचा पुठ्ठा, पण आमचा रंग काळा, आणि वारली तर तांदळाच्या पिठाची पांढरी. एकाने वाळलेल्या काळ्यावर पांढरा पोस्टर कलर फासला. स्पर्श त्यातूनही ओळखला गेला! बादलीची नळी रंगाखालूनही जाते, असं त्याचं म्हणणं.

आता वाईट बातमी. दुसरी चिप आणली होती. घाईत ५ व्होल्टला जोडली. काका, उदबत्ती लावली.

पुढचा शनिवार तोंडावर आहे, त्याआधी लॅमिंग्टन रोडला जाणं जमणार नाही. घाटकोपर पुन्हा तेरावं.

लोहारचाळ
७ जुलै, रात्री ९.५२

:( पहिली माझ्या हातून १९८४ साली गेली होती. वेगळी चिप होती, कारण हेच.

अर्धा_ओहम
७ जुलै, रात्री ११.१५

मॅडम, एका चिपेतच तेरावं बसतं. घाटकोपरचा ठिपका दोन कंगव्यांसारखा काढा, एकाचे दात दुसऱ्याच्या फटीत, पण एकमेकांना न चिकटता, मध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटर जागा. एक कंगवा एका स्टेशनच्या पायाला, दुसरा दुसऱ्या स्टेशनच्या. बोट टेकलं की दोन्ही पाय एकदम लागतात. प्रोग्रामला सांगायचं, ही जोडी आली म्हणजे घाटकोपर. बारा पायांच्या अशा ६६ जोड्या होतात. स्टेशनं लांबलांबची निवडा, मशीद आणि शीव म्हणा, म्हणजे चुकून दोन्हीवर हात पडायचा नाही. मशीदपासूनची वायर पुठ्ठ्याच्या मागून न्या.

पाटीपेन्सिल
११ जुलै, सायंकाळी ६.४०

कंगवे काढले (टोकदार ब्रश, तीन प्रयत्न). घाटकोपरला बोट लावलं. "पुढील स्टेशन, शीव." पुन्हा लावलं. "पुढील स्टेशन, मशीद." दहातून एखाद्या वेळीच घाटकोपर. वर्गात एकजण म्हणाला, "मेगाब्लॉक आहे, बाई."

अर्धा_ओहम
११ जुलै, सायंकाळी ७.०५

बोट दोन्ही कंगव्यांवर एकाच क्षणी पडत नाही. एक पाय काही मिलिसेकंद आधी लागतो आणि प्रोग्राम तेवढ्यात बोलून मोकळा होतो. निर्णय घ्यायच्या आधी थोडं थांबायला हवं.

सहाठिपके
११ जुलै, सायंकाळी ७.३०

अहो, एक सेकंद थांबायचं मी आधीच सांगितलंय की! सेकंद संपला की त्या वेळी कुठले पाय लागलेत ते बघायचं. एकच असेल तर ते स्टेशन, मशीद-शीव जोडी असेल तर घाटकोपर, बाकी काहीही असेल तर गप्प.

पाटीपेन्सिल
१४ जुलै, दुपारी ४.१०

झालं!! पण सरळ झालं असं समजू नका.

पुठ्ठा रिक्षातून आणताना मधोमध दुमडला गेला. चिंचपोकळी मुकी. मी वायर तपासत बसले आणि तिकडे दोन मुलांनी मीटरचं एक टोक ठिपक्यावर ठेवून दुसरं रेषेवरून सरकवत नेलं. घडीपर्यंत आकडा, घडीपलीकडे काहीच नाही. उजेडात तिरकं धरल्यावर केसाएवढी चीर दिसली. वरून रंगाचा एक हात दिला, पंख्याखाली अर्धा तास, चिंचपोकळी बोलायला लागली. मग दादरला बोट लावलं तर "कुर्ला" आणि कुर्ल्याला "परळ". यात आमची दुपारची सुट्टी गेली. डीएफप्लेअर फाइलचं नाव बघत नाही, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी केल्या तो क्रम धरतो. आणि मुलांनी रेकॉर्डिंग जसं जमेल तसं कार्डावर टाकलं होतं. कार्ड फॉरमॅट करून एकेक फाइल स्टेशनांच्या क्रमाने टाकली. (भाच्याचं म्हणणं, "एमपीथ्री" नावाच्या फोल्डरमध्ये चार आकडी नावं दिली आणि प्रोग्राममध्ये त्यासाठीची वेगळी आज्ञा वापरली तर हा घोळ होत नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं!)

रेषांवर मनगट घासलं तरी स्टेशनं बोलायची. म्हणून रेषा बारीक, ठिपके रुपयाच्या नाण्याएवढे केले आणि थ्रेशोल्ड (पातळीत किती फरक पडला की स्पर्श मानायचा तो आकडा) १२ वरून २० वर नेला. आता मनगट चालतं.

घाटकोपरचा आवाज कुणाचा, यावर चिठ्ठ्या टाकल्या. निघाली तीच, आलेखवाली. कंगव्यावर बोट ठेवलं, वर्ग गप्प, सेकंदभर काहीच नाही. मग तिचा आवाज. "पुढील स्टेशन, घाटकोपर. मेट्रो बदलण्यासाठी इथे उतरा. ढकलू नका." शेवटचे दोन शब्द लिहून दिलेले नव्हते.

सहाठिपके, ब्रेलच्या पट्ट्या कुठे मिळतील ते सांगा, पुठ्ठा पुढच्या महिन्यात तुमच्याकडे.

शंकासुर
१४ जुलै, दुपारी ४.३५

चीर शोधणाऱ्या दोघांना माझ्याकडून वडापाव. पत्र्याच्या बटणात ही मजा नव्हती, मान्य.

सहाठिपके
१४ जुलै, सायंकाळी ५.००

पट्ट्या मीच करून देते, स्टेशनांची यादी तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये आहेच. रंगाचा अजून एक जाड हात द्या पाठवण्याआधी. आणि ग्राउंडची पट्टी खालच्या कडेऐवजी डाव्या कडेला हवी, आमची मुलं डाव्या हाताने कड धरून ठेवतात.

मीठभाकर
१४ जुलै, रात्री ८.२०

ताई, हे आमच्या मुलुंडच्या शाळेत करून दाखवाल का? पालकसभेत विषय काढते, पेटीवाल्यांना ते १५०० देण्यापेक्षा हे बरं. फक्त मुलुंड अठरावं येतं. दुसरी चिप लागेल.

लोहारचाळ
१४ जुलै, रात्री ८.२६

३.३ व्होल्ट. पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा, लाल अक्षरात.